दोन घाट, चार आवाज

महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम एका ठिकाणी मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला वाईकडे वळते. सावित्री मात्र कडा उतरून कोकणात येते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. माणसांनीही इथले डोंगर ओलांडायला वाटा शोधल्या. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगडाच्या पायथ्याने महाबळेश्वर येतं आणि पुढे पाचगणी. दुसरी वाट महाडची. बिरवाडी, वरंध, माझेरी मागे टाकून वरंध घाट चढायचा, वाघजाईला हात जोडायचे, तिथल्या टपरीवर गरम भजी खायची आणि नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने भोरला उतरायचं. भोरहून पुणं लांब नाही. पावसाळ्यात दरड आली की हे घाट बंद होतात. मग महाड-पोलादपूरच्या माणसाला देश म्हणजे फक्त वरती दिसणारं ढग पांघरलेलं काहीतरी उरतं.

या दोन घाटांच्या पलीकडे चार कलावंतांची गावं आहेत. आंबेनळीच्या वाटेने गेलं तर पाचगणीला फ्रेडी मर्क्युरीची शाळा लागते. ब्रिटिश पॉप संगीतात ज्याच्या आवाजाला आजही तोड सापडलेली नाही, तो हा गायक. पाचगणीचा घाट उतरला की पायथ्याशी पसरणी, शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. वरंध घाटाने गेलं तर भोर तालुक्यात इंगवली लागते. हे दादा कोंडक्यांचं मूळ गाव. त्याच वाटेने पुण्यात पोचलं की स्पाइक मिलिगनचं बालपण भेटतं. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश विनोदाला ज्याने नवं वळण दिलं, तो हा माणूस जन्मला मात्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला.

प्रत्येक वाटेवर एक गोरा मुलूख गाजवणारा आणि एक मराठी मुलूख गाजवणारा. या जुळणीमागे कुणाची योजना नाही, पण ती सहज आलेलीही नाही. ब्रिटिशांच्या फौजा, त्यांची थंड हवेची ठिकाणं, त्यांच्या शाळा आणि त्यांच्या यंत्रांवर उभ्या राहिलेल्या मुंबईच्या गिरण्या यांनीच ही चार आयुष्यं घडवली. आज चौघेही हयात नाहीत. चौघांच्याही नावाने कुठे ना कुठे लोक हळवे होतात. कोण कुणासाठी हळवं होतं आणि का, हे या दोन घाटांच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं तर बरंच काही उलगडतं.

पाचगणीचा पियानो

फारुख बलसारा हा मुलगा ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये जन्मला. घराणं पारशी, मुळात बुलसारचं म्हणजे वलसाडचं. आडनावातच गाव होतं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, तिथल्या न्यायालयात रोखपाल होते. आठ-नऊ वर्षांच्या या मुलाला त्यांनी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. वसाहतीतल्या नोकरदारांनी, संस्थानिकांनी, व्यापाऱ्यांनी मुलं ठेवावीत अशा निवासी शाळा पाचगणीत एकोणिसाव्या शतकापासून उभ्या राहत होत्या. थंड हवा, टेबललँडचं पठार, इंग्रजी शिस्त आणि घरापासून लांब. सुट्टीत तो मुंबईला आजी आणि मावशीकडे जाई.

फारुखचा फ्रेडी झाला तो या शाळेत. पुढच्या दातांमुळे मुलं त्याला 'बकी' म्हणूनही चिडवत. तोंडात चार दात जास्तीचे होते आणि ते त्याने पुढेही काढले नाहीत, कारण आवाज बदलेल ही धास्ती. तो मुष्टियुद्ध खेळे, टेबल टेनिसमध्ये पटाईत होता आणि पियानोवर एकदा ऐकलेलं गाणं वाजवून दाखवी. १९५८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. गंमत अशी की पुढे जगाला गाऊन वेड लावणारा हा मुलगा त्यात मुख्य गायक नव्हता. गायचा ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर असायचा.

हा बँड वाजवायचा काय? एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो आणि क्लिफ रिचर्ड. त्यातला क्लिफ रिचर्ड हा ब्रिटनचा पहिला मोठा रॉक गायक आणि त्याचा जन्म १९४० चा, लखनौचा. कुटुंब १९४८ मध्ये इंग्लंडला गेलं. १९५८ मध्ये त्याचं पहिलं गाणं गाजलं आणि त्याच सुमारास ते सूर पाचगणीच्या पोरांपर्यंत पोचले. लखनौला जन्मलेल्या इंग्रज गायकाची गाणी झांझिबारचा पारशी मुलगा सह्याद्रीच्या माथ्यावर वाजवतोय, अशी ती वरात होती. त्या काळातला ब्रिटिश पॉप किती ब्रिटिश होता असा प्रश्न पडावा. एंगलबर्ट हंपरडिंक हे भारदस्त जर्मन नाव घेऊन गाणारा आर्नल्ड डॉर्सी १९३६ चा, मद्रासचा. बीटल्सचा आधीचा ड्रमवादक पीट बेस्टही मद्रासचाच. साम्राज्य आवरतं घेताना ज्या कुटुंबांनी बोटी पकडल्या, त्यांच्या सामानात ही मुलं होती.

ही गाणी डोंगरावर आली कशी, यालाही एक मराठी उपकथा आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि देशभरच्या श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन धरलं. अमीन सायानींचं बिनाका गीतमाला तिथेच फोफावलं, आणि तिथेच इंग्रजी गाणीही लागत. केसकरांना शुद्ध रागदारी घरोघर न्यायची होती. लोकांनी श्रीलंकेहून हवं ते मागवलं.

हेक्टिक्समधल्या दुसऱ्या एका मुलाची कथा महाडकरांनी ऐकण्यासारखी आहे. डेरिक ब्रांच पुढे इंग्लंडमध्ये नट झाला. १९७९ ते १९८२ या काळात ब्रिटिश टीव्हीवर 'ओन्ली व्हेन आय लाफ' नावाची रुग्णालयातली विनोदी मालिका चालली. त्यात तीन हट्टी रुग्णांना सांभाळणाऱ्या परिचारकाची भूमिका त्याची होती आणि त्या पात्राचं नाव गुप्ते. महाड परिसरात गुप्ते, टिपणीस ही कायस्थ प्रभूंची आडनावं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. ब्रिटिश लेखकाने ते कुठून उचललं कोण जाणे, पण पाचगणीच्या शाळेतला मुलगा लंडनच्या पडद्यावर कोकणी आडनाव लावून ब्रिटनला हसवत होता. एका बँडमधून एक गायक निघाला आणि एक विनोदी नट.

फ्रेडी मात्र मागे वळला नाही. दहावीच्या सुमारास शाळा सुटली, तो झांझिबारला परतला. १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत घेऊन लंडनजवळच्या फेल्थममध्ये आलं. कलाशाळेत पदविका, १९७० मध्ये क्वीन बँड, आणि बलसाराच्या जागी मर्क्युरी हे नवं आडनाव. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. १३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीच्या मैदानावरच्या कार्यक्रमात त्याने वीसेक मिनिटांत जे केलं, ते आजही गायकांना धडा म्हणून दाखवतात. मुलाखतींत पाचगणी, मुंबई, झांझिबार यांविषयी तो फारसं बोलत नसे. फ्रेडी असताना क्वीनचा कार्यक्रम भारतात कधी झाला नाही.

त्याला कृतघ्न म्हणणं सोपं आहे. तो ज्या इंग्लंडमध्ये वाढला तिथे १९६८ मध्ये इनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. आशियाई मुलांना रस्त्यात गाठून मारणं हा टोळक्यांचा खेळ झाला होता. अशा ठिकाणी रॉक गाणाऱ्याने बलसारा हे नाव लावून उभं राहायचं म्हणजे गाण्याआधी भांडणच. त्याने भांडण टाळलं आणि गाणं निवडलं. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला तेव्हा अंत्यविधी मात्र पारशी पद्धतीने झाले.

तो गेल्यावर त्याच्या आठवणींचा बाजार उभा राहिला. माँत्रो इथे पुतळा झाला, फेल्थमच्या घरावर निळी पाटी लागली, झांझिबारला संग्रहालय उघडलं. २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात त्याचा यामाहा पियानो सतरा लाखांहून अधिक पौंडांना गेला. २०१८ च्या त्याच्यावरच्या चित्रपटानंतर पाचगणीलाही जाग आली. स्ट्रॉबेरी खायला आलेले पर्यटक आता शाळेच्या फाटकाशी थांबून फोटो काढतात. हा हळवेपणा खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पण तो उसना आहे. फ्रेडीचे दिवस जेव्हा खरे होते तेव्हा फाटकाबाहेरच्या पाचगणीला त्या पियानोशी काही देणंघेणं नव्हतं आणि पियानोवरच्या मुलाला फाटकाबाहेरच्या मराठीशी. सुट्टीला निघालेली मुलं पाचगणीचा घाट उतरून पसरणीवरूनच वाईकडे जात. त्या गावातला एक तरुण शाहीर तोवर मुंबई गाजवायला लागला होता, हे त्यांना कळण्याचं कारण नव्हतं.

मोज्यातलं कस्टर्ड

स्पाइक मिलिगनचं प्रकरण याच्या नेमकं उलटं. टेरेन्स ॲलन मिलिगन १६ एप्रिल १९१८ ला अहमदनगरच्या लष्करी छावणीत जन्मला. वडील आयरिश, तोफखान्यात अधिकारी. बालपण पुण्याच्या कँपात आणि नंतर रंगूनला. लष्करात खर्चकपात झाली, वडिलांची नोकरी गेली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब लंडनला आलं. नोकर-चाकर, घोडे, मोकळं ऊन यातून एकदम दक्षिण लंडनच्या गल्लीतली भाड्याची खोली. या धक्क्यातून तो आयुष्यभर सावरला नाही असं त्याचं लेखन वाचताना वाटतं. भारत त्याच्यासाठी हरवलेलं अंगण होता आणि ते तो सांगत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत, मोंते कासिनोच्या लढाईत तोफगोळा जवळ फुटला. त्यानंतर मनाच्या आजाराने त्याचा पिच्छा सोडला नाही. युद्धावरच्या आठवणी त्याने हिटलरच्या पतनातला माझा वाटा अशा अर्थाच्या अफलातून शीर्षकाने लिहिल्या. २८ मे १९५१ ला बीबीसी रेडिओवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि लवकरच 'द गून शो' या नावाने तो १९६० पर्यंत चालला. सोबत पीटर सेलर्स, हॅरी सिकोम आणि सुरुवातीला मायकेल बेंटिन. बहुतेक संहिता मिलिगनच्या. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा वेडेपणा लिहिता लिहिता तो खचला, रुग्णालयात गेला आणि परत आला.

तोवर रेडिओवरचा बराचसा विनोद म्हणजे माइकसमोर उभं राहून सांगितलेले चुटके. मिलिगनने रेडिओला डोळे नाहीत हीच ताकद मानली. आवाजातून भिंत चालवता येते, माणूस डब्यात कोंबता येतो, समुद्र बादलीत मावतो. हवा तसा चिखलाचा थप्प आवाज बीबीसीच्या ठेवणीत मिळेना, तेव्हा त्याने उपाहारगृहातून कस्टर्ड मागवलं, स्वतःच्या मोज्यात भरलं आणि आपटलं, ही कथा बीबीसीत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. माँटी पायथन या विनोदी चमूच्या मंडळींनी त्याचं ऋण उघड मान्य केलं. जॉन लेनन गून शोवर पोसलेला. बीटल्सना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत उभं करणाऱ्या जॉर्ज मार्टिनने त्याआधी सेलर्स आणि मिलिगनच्या विनोदी तबकड्या काढल्या होत्या. चित्रविचित्र ध्वनी कसे जोडायचे ते त्याचे हात तिथे शिकले. ब्रिटिश पॉप आणि ब्रिटिश विनोद यांचं नातं असं एका खोलीत जुळलेलं.

गून शोमध्ये मेजर ब्लडनॉक नावाचं पात्र आहे. भारतातल्या फौजेतून निवृत्त, भित्रा, पैसेखाऊ, आणि झणझणीत कालवण पोटात गेल्यामुळे कायम हैराण. छावणीत वाढलेल्या पोराने साहेबांना जेवणघराच्या दाराआडून पाहिलं होतं. पुण्या-नगरच्या क्लबातली ती ऐट त्याने आतून ओळखली आणि देशभर हशा पिकवला. साम्राज्याची टर उडवणारा साम्राज्याचाच मुलगा. १९६० च्या दशकात कायदे बदलले आणि ब्रिटिश पासपोर्टसाठी त्याला निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. ब्रिटनसाठी लढलेल्या माणसाने ती घेतली नाही, वडिलांच्या नात्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. पुढे ब्रिटनने नाइटहुडचा किताब दिला, पण तो परदेशी नागरिकाला देतात तसा, मानद.

तरीही त्याच्या विनोदाचा एक कोपरा आपल्याला बोचतो. गून शोमध्ये लालकाका आणि बॅनर्जी हे दोन भारतीय सेलर्स आणि मिलिगन मान हलवल्यासारख्या उच्चारात रंगवत. १९६० मध्ये सेलर्सने सोफिया लॉरेनबरोबर भारतीय डॉक्टरच्या सुरात गायलेलं 'गुडनेस ग्रेशस मी' ब्रिटनभर वाजलं. १९६९ मध्ये मिलिगनने तोंडाला रंग फासून 'करी अँड चिप्स'मध्ये काम केलं, ती मालिका सहा भागांत गुंडाळावी लागली. भारतावर जीव टाकणारा माणूसच भारतीयाची टवाळी करत होता, आणि दोन्ही खरं होतं. जवाब यायला तीसेक वर्षं लागली. ब्रिटनमधल्या आशियाई कलावंतांच्या नव्या पिढीने त्याच गाण्याचं नाव उचलून आपला विनोदी कार्यक्रम काढला. १९९८ मध्ये तो टीव्हीवर आला, आणि त्यात दारू पिऊन इंग्रजी जेवण जेवायला निघालेले भारतीय वेटरला छळू लागले.

२७ फेब्रुवारी २००२ ला मिलिगन गेला. मी आजारी आहे हे सांगितलं होतं ना, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत कोरलं आहे. चर्चला ते इंग्रजीत नको होतं. ब्रिटनमध्ये गून शो जपणारी संस्था १९७२ पासून चालते. अहिल्यानगरमध्ये मात्र त्याच्या नावाची ओळख पटवायला रस्त्यात किती माणसं थांबवावी लागतील याचा अंदाज न केलेला बरा. आपल्याकडे इंग्रजी विनोद पोचला तो वुडहाउसच्या पुस्तकांतून, चॅप्लिनच्या मूकपटांतून, आणि बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आलेल्या पु. लं.सारख्यांच्या लेखणीतून. नंतर 'माइंड युवर लँग्वेज' ही ब्रिटिश मालिका आली आणि १९९३ मध्ये पंकज कपूरची 'जबान संभालके'. रेडिओवर घडीभर फुटणारा मिलिगनचा वेडेपणा मराठी कानावर पडलाच नाही. फ्रेडीने आपल्याला विसरायचं ठरवलं तरी आपण त्याला धरून बसलो. मिलिगन आपली आठवण काढत राहिला आणि आपल्याला पत्ताच नाही. म्हणजे जन्म कुठे झाला, शाळा कुठे झाली यावर प्रेमाचा हिशेब बसत नाही.

गिरणीचा भोंगा आणि हशा

मग प्रेमाचा हिशेब कशावर बसतो? उत्तर घाट उतरून खाली आल्यावर मिळतं.

महाड-पोलादपूरच्या डोंगरातली शेती म्हणजे भात आणि वरी-नाचणी, पावसावरचं पीक. त्यामुळे घरटी एक तरी माणूस मुंबईला. लालबाग, परळ, नायगाव, शिवडीला गावकीची खोली असे. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, महिन्याला मनीऑर्डर करायची. मुंबईला शाहीर साबळे भेटले ते या खोल्यांतल्या माणसांना. कृष्णराव साबळे ३ सप्टेंबर १९२३ चे. पसरणीहून शिकायला अमळनेरला गेले, तिथे साने गुरुजींचा संस्कार झाला. मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ कडाडला. राजा बढे यांचं गीत, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा गळा यांतून जे महाराष्ट्रगीत उभं राहिलं, ते २०२३ मध्ये राज्यगीत झालं. पण त्यांचं मोठं काम मुक्तनाट्यातलं. 'यमराज्यात एक रात्र' आणि १९६६ चं 'आंधळं दळतंय' यांनी मुंबईतल्या मराठी माणसाची फरफट हसवत हसवत दाखवली. राजा मयेकरांसारखा नट सोबत असला की प्रेक्षागृहात हशा उसळायचा आणि बाहेर पडताना माणूस गप्प व्हायचा.

दादा कोंडके ८ ऑगस्ट १९३२ चे, जन्म नायगावचा, घर गिरणी कामगारांचं, मूळ गाव वरंध घाटापलीकडचं इंगवली. सेवा दलाच्या पथकात वाजवणं, अपना बाजारात नोकरी, मग वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा'. त्याचे दीड हजाराहून अधिक प्रयोग झाले. ते पाहून आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि १९६९ मध्ये 'तांबडी माती' आला. १९७१ चा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमध्ये लागावा म्हणून बाळासाहेब ठाकरे उतरले ही गोष्ट अजून चवीने सांगितली जाते. पुढे ओळीने नऊ चित्रपट पंचवीस आठवड्यांवर चालले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात पाळी सुटल्यावर रांग लागे. गावाकडे तोच चित्रपट जत्रेच्या तंबूत आणि नंतर गणपतीत भाड्याच्या व्हिडिओवर.

ब्रिटनमधली जुळी कहाणी बघा. मुंबईच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे यंत्रमाग आणि चात्या फिरत होत्या. ओल्डहॅम लँकेशायरचं. त्याच लँकेशायरच्या रॉचडेलमध्ये १८९८ साली ग्रेसी फील्ड्स जन्मली. लहानपणी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस कापूस गिरणी. पुढे ती ब्रिटनची सर्वांत लाडकी गायिका आणि विनोदी नटी झाली. १९३४ च्या तिच्या 'सिंग ॲज वी गो' चित्रपटात गिरणी बंद पडते आणि ती काम शोधायला ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जाते. ब्लॅकपूलच का? लँकेशायरच्या गिरण्या उन्हाळ्यात गावागावाने आठवडाभर बंद राहत आणि सगळं गाव एकदम समुद्रावर जाई. तिथल्या रंगमंचावर विनोदवीर आणि गायक हंगामभर मुक्काम ठोकत. आपला कामगार शिमग्याला आणि गणपतीला गावी येई. त्यांचा कामगार समुद्रावर जाई. दोन्हीकडे सुट्टी मिळताच माणसं मोकळेपणाने हसत.

हसण्याची जातही तीच. 'कॅरी ऑन' नावाने १९५८ ते १९७८ या काळात ब्रिटनमध्ये तीस चित्रपट निघाले. स्वस्तात काढलेले, एका वाक्याचे दोन अर्थ निघणारे, समीक्षकांनी नाक मुरडलेले, लोकांनी डोक्यावर घेतलेले. बेनी हिलचं टीव्हीवरचं राज्यही तसंच. कोंडक्यांच्या संवादांशी सेन्सॉरचं भांडण चालायचं तेव्हा ते नेहमीचंच म्हणत, माझ्या वाक्यात वावगं काय ते दाखवा, अर्थ तुमच्या डोक्यातला. ब्रिटनचा चावट विनोदवीरही हेच कारण पुढे करी. साहेबापुढे, मुकादमापुढे, सासऱ्यापुढे जे बोलता येत नाही ते तिरकस करून बोलायची ही कला. वरच्या वर्गाने तिला अश्लील ठरवलं आणि पन्नास वर्षांनी तिच्यावर प्रबंध लिहिले. यात बायकांची थट्टा आज खटकते, दोन्हीकडच्या. आठवणीने हळवं होताना हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

महाडला या आठवणींचा आणखी एक पदर आहे. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आठवण जागवायला दरवर्षी इथे माणसं येतात. पुस्तकांच्या बरोबरीने भीमगीतांच्या कॅसेटी, पुढे सीडी, आता मोबाइलवर भरून दिलेली गाणी विकली जातात. प्रल्हाद शिंदे, वामनदादा कर्डक आणि नायगावात वाढलेले विठ्ठल उमप हे इथले तारे. उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले. ज्या समाजाला पाटीवर लिहून काही मिळालं नव्हतं, त्याने गाण्यात लिहून ठेवलं. इथे जुना गायक आठवणं म्हणजे निव्वळ तारुण्याची हुरहुर नसते, स्वतःच्या इतिहासाची उजळणी असते.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. खोल्या विकल्या गेल्या, माणसं गावी परतली. वरंध, बिरवाडी, पोलादपूरच्या पट्ट्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणाकडे कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'चा विषय काढा. तो चित्रपटाची गोष्ट सांगत नाही. कुठल्या गिरणीत कुठली पाळी होती, तिकिटाला पैसे कुणी दिले, शेजारी कोण बसला होता, परत येताना कुठे भुर्जीपाव खाल्ला हे सांगतो. कोंडके निमित्त असतात. लँकेशायरच्या म्हाताऱ्यांचं ग्रेसी फील्ड्सबद्दल तसंच. जी माणसं एका छपराखाली बसून एका वाक्याला हसली, त्यांना त्या हसण्याची ओढ राहते. पाचगणीच्या फाटकाशी फोटो काढणाऱ्याकडे हे नाही, आणि नगरला मिलिगनच्या बाबतीत ते नव्हतंच. आठवणीचा हक्क जन्मदाखल्यावरून ठरत नसतो, प्रेक्षागृहातल्या खुर्चीवरून ठरतो.

वहीतली बारी

आता राहिला एक पाचवा आवाज, ज्याचं नाव या दोन घाटांच्या पायथ्याबाहेर कुणाला माहीत नाही. गौरी-गणपतीत इथे जाखडी नाचतात. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे, भोवती घुंगरू बांधलेल्या पोरांचा फेर. शक्तीवाला आणि तुरेवाला हे प्रतिस्पर्धी शाहीर समोरासमोर आले की गण, गौळण आणि मग रात्रभर सवाल-जवाब. मुंबईतही नाट्यगृह घेऊन तिकीट लावून हे सामने, म्हणजे बाऱ्या, होतात. चाली सगळीकडून उचललेल्या. साबळ्यांच्या, कोंडक्यांच्या, आणि आणखी कुठून कुठून आलेल्या. क्लिफ रिचर्डची चाल पाचगणीच्या पोरांनी जशी आपली केली, तशीच रेडिओवरची चाल गिरणीतल्या शाहिराने आपली केली. वर त्यात प्रतिस्पर्ध्याला चिमटे, गावच्या पुढाऱ्याची खोड, महागाई, संप, हुंडा. गाणारा आणि हसवणारा इथे एकच माणूस असतो.

या शाहिरांची रचना वहीत असते. दोनशेपानी वही, निळी शाई, कडेला चालीचं नाव. शाहीर गेला की वही पोटमाळ्यावर जाते. कोकणातल्या पावसाला कागद चालत नाही, वाळवी तर आहेच. २००५ आणि २०२१ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दरडी कोसळल्या आणि पूर आला, तेव्हा माणसं गेली, घरं गेली. घरात काय काय होतं याची यादी कोण करणार?

बीबीसीसारख्या संस्थेनेही चुका केल्या. गून शोच्या पहिल्या मालिकांमधले बहुतेक भाग आज उरलेले नाहीत. जे उरलं त्यातलं बरंच ऐकणाऱ्यांच्या हौसेमुळे: कुणी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलं, कुणी संस्था काढली, कुणी संहिता जमवल्या. लिलावात पियानोला मिळालेल्या किमतीपेक्षा मला ही हौस मोलाची वाटते. ती परवडणारीही आहे. महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाचनालयाने, महाविद्यालयाच्या मराठी विभागाने किंवा मुंबईतल्या एखाद्या ग्रामस्थ मंडळाने मनावर घेतलं तर पावसाआधी वह्यांची पानं मोबाइलने टिपता येतील. गाणारे अजून आहेत तोवर त्यांना चालीसकट गाऊन घेता येईल, आणि कुठल्या वर्षी, कुठल्या गिरणीच्या पाळीनंतर ते रचलं हेही विचारता येईल. फ्रेडीची आठवण जपायला जग समर्थ आहे, मिलिगनसाठी इंग्लंडमध्ये संस्था आहे, साबळे आणि कोंडक्यांवर चित्रपट आणि पुस्तकं झाली. या वह्यांना आपल्याखेरीज दुसरं कुणी नाही, कारण त्या बाऱ्यांना हसलेले लोक फक्त इथेच आहेत, आणि तेही आता थोडेच उरलेत.